बाखाराखच्या किल्ल्यातलं यूथ हॉस्टेल (बुर्ग श्टालेक): जाणं, राहणं, खाणं

ऱ्हाईनकाठ

जर्मनीत किल्ल्यावर मुक्काम करण्याबद्दल इथे अधूनमधून विचारणा होते आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरतात. म्हणून बाखाराखपुरता हा वेगळा धागा. जाणकारांनी भर घालावी.

बाखाराख हे ऱ्हाईनच्या डाव्या काठावरचं छोटं गाव, माइन्झ आणि कोब्लेन्झच्या दरम्यान. बिंगेन ते कोब्लेन्झ हे सुमारे ६५ किलोमीटरचं खोरं २००२ साली युनेस्कोच्या यादीत गेलं, त्यातच हे येतं. गावाच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून साधारण १६० मीटरवर बुर्ग श्टालेक आहे. अख्ख्या किल्ल्यात डीजेएचचं, म्हणजे जर्मन यूथ हॉस्टेल संघटनेचं वसतिगृह चालतं. दीडशेहून जास्त खाटा आहेत, त्यामुळे शाळांच्या सहली, गायनमंडळं, कुटुंबं, सायकलवाले असा सगळा गोतावळा तिथे एकाच वेळी असतो.

आधी पोचायचं कसं ते. फ्रँकफर्ट विमानतळावर दोन रेल्वे स्थानकं आहेत. तुम्हाला हवं ते टर्मिनल १ च्या खालचं रेगिओनालबानहोफ, म्हणजे प्रादेशिक गाड्यांचं स्थानक. तिथून एस८ ही लोकल पकडून माइन्झ हाउप्टबानहोफ (मुख्य स्थानक), अंदाजे अर्धा तास. एस८ आणि एस९ दोन्ही त्याच फलाटांवरून त्याच दिशेने सुटतात आणि दोन्हींच्या पाटीवर वीसबाडेन असतं. पण एस९ माइन्झ-कास्टेलवरून, म्हणजे नदीच्या पलीकडून जाते, माइन्झच्या मुख्य स्थानकात येत नाही. सामानासकट चुकीच्या गाडीत बसण्याचा प्रकार इथेच सर्वात जास्त होतो.

माइन्झहून आरबी२६ ही प्रादेशिक गाडी (मिटेलऱ्हाईनबान), कोब्लेन्झ किंवा कोलोनच्या दिशेची. तासाला एक गाडी, पाऊण तासाच्या आसपास प्रवास. बाखाराखला आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या थांबत नाहीत. माइन्झहून येताना उजव्या खिडकीला बसा, नदी त्या बाजूला आहे. दरवाजा आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. स्थानकात तिकीट खिडकी नाही, त्यामुळे परतीचं तिकीट मोबाइलमध्ये आधीच घेऊन ठेवावं हे बरं.

स्थानकातून बाहेर पडलं की ओबरश्ट्रासे या मुख्य रस्त्याने गावात शिरायचं. १३६८ चं आल्टेस हाउस हे लाकडी चौकटींचं घर लागतं, त्याच्या जवळच सेंट पीटर चर्च. चर्चच्या बाजूने दगडी पायऱ्या वर जातात, वाटेत वेर्नरकापेले या गॉथिक देवळाचा छप्पर नसलेला सांगाडा लागतो आणि तिथून झाडीतली वाट थेट किल्ल्यावर. चर्चपासून दहा-पंधरा मिनिटं, पण चढ सलग आहे. नदीपासून किल्ल्यापर्यंत साधारण नव्वद मीटर उंची चढावी लागते.

---

अनघा_श्टुटगार्ट

छान केलंत वेगळा धागा काढून. चढाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण लोक "पंधरा मिनिटं" वाचून चाकांच्या मोठ्या बॅगा घेऊन येतात.

चाकं त्या वाटेवर निरुपयोगी आहेत. पायऱ्या असमान, मधे दगडगोटे, वरच्या टप्प्यात माती. २३ किलोची बॅग दोघांनी धरून न्यायची म्हटली तर अर्धा तास आणि हातापायांचे हाल. पाठीवरची सॅक असेल तर काही प्रश्न नाही. मोठ्या बॅगा घेऊन थेट विमानतळावरून येणार असाल तर त्या माइन्झ स्थानकाच्या लॉकरमध्ये ठेवा आणि एक-दोन रात्रींचं सामान वर न्या. मोठ्या मापाचे लॉकर मोजकेच असतात, दुपारपर्यंत भरतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओल्या पानांचा थर पायऱ्यांवर बसतो आणि पाय सटकतो, तो चढताना नाही, उतरताना. नोव्हेंबरनंतर पाच वाजताच अंधार पडतो, तेव्हा मोबाइलच्या टॉर्चवर न राहता कपाळाला लावायचा दिवा ठेवा म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. गाडीने येणाऱ्यांसाठी मागच्या डोंगराकडून अरुंद रस्ता वर येतो. गाडी उभी करायला जागा थोडीच आहे. टॅक्सी हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, स्थानकाबाहेर टॅक्सी उभी नसते.

ज्यांचे गुडघे दुखतात अशा आईवडिलांना आणायचं असेल तर हॉस्टेलला आधी ईमेल करून खोली कितव्या मजल्यावर, किती पायऱ्या हे विचारून घ्या. गाडीने वर पोचलं तरी आत जिने आहेत. किल्लाच आहे तो.

---

पार्थ_आखन

विद्यार्थ्यांसाठी: सदस्यत्व लागतं का? आणि एकट्या माणसाला खाट मिळते का, की पूर्ण खोलीच घ्यावी लागते?

---

ऱ्हाईनकाठ

लागतं. डीजेएचच्या हॉस्टेलांत सदस्यांनाच राहता येतं. २६ वर्षांपर्यंत ज्युनिअर सदस्यत्व, अगदी स्वस्त. २७ पासून पुढे वेगळा प्रकार आहे, तो कुटुंबालाही चालतो: जोडीदार आणि मुलं एकाच वर्गणीत येतात. नोंदणी ऑनलाइन होते. एक गोष्ट परत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी: तुम्ही लेखी कळवून रद्द केलं नाही तर सदस्यत्व पुढच्या वर्षी आपोआप चालू राहतं आणि वर्गणीची मागणी येते. बँक खातं बंद करून भारतात गेलात की स्मरणपत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात आणि वर दंड चढतो.

भारतातून येणाऱ्यांनी आपल्याकडच्या यूथ हॉस्टेल असोसिएशनचं कार्ड असेल तर आरक्षण करतानाच क्रमांक कळवून चालेल का ते लेखी घ्यावं. दारात वाद नको.

एकट्यासाठी: आरक्षण ऑनलाइन करताना खोली दिसत नसेल तर थेट ईमेल करा. शाळेच्या सहली असताना मोठ्या खोल्या त्यांना जातात आणि एकट्याला लहान खोली जादा आकार देऊन घ्यावी लागते. मधल्या वारी, म्हणजे सोमवार ते गुरुवार, सुट्ट्या नसताना, जागा सहज मिळते. शुक्रवार-शनिवार, ईस्टर, उन्हाळी सुट्टी आणि 'ऱ्हाईन इन फ्लामेन'च्या आतषबाजीच्या रात्री मात्र महिनोन्महिने आधी भरतात. नाताळच्या आसपास बंद असण्याची शक्यता धरूनच चाला.

व्हिसासाठी निवासाचा पुरावा म्हणून हॉस्टेलचं आरक्षणपत्र चालतं, फक्त त्यात प्रत्येकाचं नाव पासपोर्टप्रमाणे, तारखा आणि पूर्ण पत्ता हवा. एकाच्याच नावावर चार खाटांचं आरक्षण असेल तर बाकी तिघांची नावं घालून पत्र मागून घ्या. आरक्षण रद्द करण्याची शेवटची तारीख व्हिसाच्या निकालाआधी येत नाही ना, तेही पाहा.

---

मीनल_के

पासपोर्टवरून आठवलं. १ जानेवारी २०२५ पासून जर्मन नागरिकांना मुक्कामाच्या नोंदणीचा अर्ज भरावा लागत नाही, पण परदेशी पाहुण्यांना अजून लागतो. जर्मनीत राहत असलात तरी भारतीय पासपोर्टवर असाल तर तो वर न्या.

पुढचं बिछान्याचं. झोपायची पिशवी हॉस्टेलात वापरू देत नाहीत. कारण स्वच्छतेचं आहे: बाहेरून आलेल्या पिशव्यांतून ढेकूण येतात. चादरी हॉस्टेल देतं, अंथरायच्या आपण. तीन नग मिळतात: गादीची चादर, रजईची खोळ आणि उशीचा अभ्रा. उशी ८० बाय ८० सेंटिमीटरची चौकोनी आणि मऊ, रजई १३५ बाय २००.

खोळ घालताना बहुतेकांची रजई एका कोपऱ्यात गोळा होते. सोपी रीत अशी: खोळ पूर्ण उलटी करा. बटणांच्या तोंडातून दोन्ही हात आत घालून पलीकडचे दोन कोपरे आतून पकडा. त्याच हातांनी, खोळीच्या कापडातूनच, रजईचे दोन कोपरे घट्ट धरा. आता हात वर करून झटका द्या, खोळ सुलट होत रजईवरून खाली उतरते. कोपरे शेवटपर्यंत सोडायचे नाहीत, सोडले की रजई आत घसरते. मग बटणं लावा आणि ती बाजू पायांकडे ठेवा. वरच्या बंकवर बसून हे जमत नाही, जमिनीवर उभं राहूनच करा आणि मग रजई वर टाका.

निघताना तिन्ही कापडं काढून ठरलेल्या जागी नेऊन टाकायची असतात. टॉवेल आपला न्यावा. आणि आपल्या सवयीचं एक: शौचालयात जेट किंवा मग नसतो, रिकामी छोटी बाटली ठेवा.

---

डोंगरवाट

राहण्याच्या माहितीसोबत किल्ल्याची माहितीही असावी, म्हणून लिहितो. "आठशे-नऊशे वर्षांच्या किल्ल्यात झोपा" असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं, ते अर्धंच खरं आहे.

किल्ल्याचा पहिला उल्लेख ११३५ चा. ११४२ साली इथला हेरमान फोन श्टालेक पॅलेटिनेट या ऱ्हाईनकाठच्या प्रांताचा काउंट झाला आणि किल्ल्याचं महत्त्व वाढलं. ११९४ साली इथेच होहेनश्टाउफेन घराण्यातली आग्नेस आणि वेल्फ घराण्यातला हाइनरिश यांचं लग्न गुपचूप लावलं गेलं. दोन्ही घराण्यांचं हाडवैर होतं आणि सम्राट सहावा हाइनरिश याच्या मनात तिच्यासाठी दुसरं स्थळ होतं. मुलीच्या आईने वडिलांच्या गैरहजेरीत लग्न उरकून घेतलं.

१६८९ साली पॅलेटिनेटच्या वारसायुद्धात फ्रेंच सैन्याने सुरुंग लावून किल्ला उडवला. उडालेले दगड खाली वेर्नरकापेलेवर पडले. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ हा नुसता भग्नावशेष होता. १९०६ साली स्थापन झालेल्या ऱ्हाईनिशर फेराइन या स्मारक-संवर्धन संस्थेने १९२५ पासून एर्न्स्ट श्टाल या वास्तुविशारदाकडून तो यूथ हॉस्टेल म्हणूनच पुन्हा उभारला. मुख्य बुरूज तर १९६० च्या दशकात पूर्ण उंचीचा झाला. म्हणजे तुम्ही ज्या छपराखाली झोपता ते विसाव्या शतकातलं आहे. पाया, तटाचे काही भाग, आखणी जुनी. डोंगराकडच्या बाजूचा खंदक बघा, त्याच्या एका भागात पाणी आहे, आणि ऱ्हाईनकाठच्या डोंगरी किल्ल्यांत ते क्वचितच दिसतं.

वेर्नरकापेलेपाशीही थांबा. १२८७ साली वेर्नर नावाच्या मुलाचं प्रेत सापडलं आणि ज्यूंनी त्याचा बळी दिला अशी खोटी आवई उठवली गेली. त्यातून ऱ्हाईनकाठी ज्यूंच्या कत्तली झाल्या आणि त्या मुलाला संत मानून हे देऊळ बांधलं गेलं. गुलाबी दगडाच्या त्या सुंदर कमानींचा फोटो काढताना हे माहीत असायला हवं. किल्ल्यालाही असा एक काळा काळ आहे: १९४२ साली लक्झेंबर्गमध्ये नाझींविरुद्ध संप झाला, त्यानंतर तिथल्या शाळकरी मुलांना "पुनर्शिक्षणा"साठी इथे आणून ठेवलं होतं.

---

सह्याद्री_पुणे

डोंगरवाट, उत्तम माहिती. मग साहजिक प्रश्न: आपल्याकडे एखाद्या किल्ल्यावर असं का होऊ नये? पर्यटनाला किती उपयोग होईल.

---

डोंगरवाट

किल्ले भाड्याने द्यायचा विषय २०१९ साली महाराष्ट्रात निघाला तेव्हा हाच मुद्दा पुढे आला होता. श्टालेकचं उदाहरण तिथे लागू पडत नाही, कारणं दोन.

पहिलं, १९२५ साली भग्नावशेषावर नवी इमारत बांधणं मान्य होतं. स्मारकांच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने ते दार बंद केलं: पुरातत्त्वीय अवशेषांत पडलेले मूळ दगड जागेवर बसवता येतात, कल्पनेने नवं बांधता येत नाही. आज श्टालेक भग्न असता तर जर्मनीतही त्यावर हॉस्टेल उभं राहिलं नसतं असं माझं ठाम मत आहे. दुसरं, आपल्याकडे केंद्राच्या संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती लागू आहे: स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये बांधकामाला मनाई, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. आणि २०२५ साली मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यावर मूळ रूप जपण्याची जबाबदारी आणखी वाढली आहे.

घेण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे पायथ्याच्या गावात स्वस्त, स्वच्छ, शाळांना परवडणारी वसतिगृहं. मूळ कल्पनाही शाळेतूनच निघाली. रिशार्ड शिरमान हा शिक्षक मुलांना पायी सहलीला न्यायचा. १९०९ साली वादळात अडकून एका शाळेत रात्र काढावी लागली, तेव्हा त्याला सुचलं की देशभर चालत जाण्याच्या अंतरावर अशी ठिकाणं हवीत. १९१२ साली लेने नदीवरच्या आल्टेना गावात, किल्ल्यात, जगातलं पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल झालं. तिथल्या जुन्या लाकडी बंकच्या खोल्या आज संग्रहालय म्हणून पाहता येतात.

---

मीनल_के

शाकाहारी मंडळींसाठी.

नाश्ता दरातच असतो. पाव, चीज, जॅम, म्यूस्ली, दही, फळं यांवर पोट भरतं. मांसाचे काप चीजच्या शेजारच्याच ताटात असू शकतात, चिमटा बघून उचला. रात्रीचं जेवण हवं असेल तर आरक्षणातच हाल्बपेन्झिओन (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) घ्या. गावात हॉटेलं आहेत, पण जेवून रात्री परत नव्वद मीटर चढायचं आहे, आणि हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद असतात.

"फेगेटारिश" (शाकाहारी) एवढं लिहून भागत नाही, कारण तिथे अंडं शाकाहारातच धरतात आणि काही जण मासेही चालतील असं समजतात. ईमेलमध्ये स्पष्ट लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. संख्या लिहा, म्हणजे स्वयंपाकघराला तेवढी ताटं वेगळी ठेवता येतात. आयत्या वेळी सांगितलं तर भात किंवा बटाटा आणि सॅलड यावर भागवावं लागतं.

शाकाहारी दिसणाऱ्या पण नसलेल्या गोष्टी: बटाट्याच्या सॅलडमध्ये श्पेक, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या चरबीचे बारीक तुकडे. भाज्यांच्या सुपात मांसाची ब्र्यूए, म्हणजे मांस उकळलेलं पाणी. पुडिंग आणि फळांच्या दह्यात जिलेटिन. काही चीज रेनेटने, म्हणजे वासराच्या पोटातल्या पाचक रसाने, विरजलेली. "इस्ट दा फ्लाइशब्र्यूए ड्रिन?" (यात मांसाची ब्र्यूए आहे का?) असं सुपाकडे बोट दाखवून विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. जैन जेवण अपेक्षित धरू नका.

खोलीत इंडक्शन, राइस कुकर, किटली चालत नाही. कारण धुराचा इशारा देणारी यंत्रणा: वाफेनेही ती वाजू शकते, अख्खा किल्ला मध्यरात्री अंगणात उतरतो, अग्निशमन दल येतं आणि खर्च तुमच्या नावावर पडू शकतो. उदबत्तीचंही तेच. खाकरा, लाडू, चिवडा, दशम्या न्या. नाश्त्याच्या टेबलावरून पाव बांधून नेणं बरं दिसत नाही आणि चालतही नाही. दुपारसाठी डबा हवा तर आदल्या दिवशी सांगून विकत मिळतो.

---

पार्थ_आखन

तिकिटाचं कोणी सांगेल का? डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या लोकल आणि प्रादेशिक गाड्यांचं मासिक तिकीट, चालतं ना?

---

केदार_रेल्वे

चालतं. आरबी२६ आणि एस८ दोन्हींवर. २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. पण ते वर्गणीचं तिकीट आहे. महिनाअखेर बंद करायचं तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं.

दोन-तीन दिवसांसाठी आलेल्या कुटुंबाला ऱ्हाईनलांड-फाल्झ-टिकेट, म्हणजे बाखाराख ज्या राज्यात आहे त्या राज्याचं तिकीट, परवडतं. एका दिवसाचं, पाच जणांपर्यंत, माणसामागे थोडी भर. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच लागू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. ते फ्रँकफर्टपर्यंत चालत नाही! माइन्झच्या पुढे नदीपलीकडे विमानतळाकडे जाताना वेगळं तिकीट लागतं. बाखाराख आरएनएन या वाहतूक मंडळात येतं आणि फ्रँकफर्ट आरएमव्हीमध्ये, म्हणून यंत्रावर थेट "बाखाराख" टाकून पूर्ण प्रवासाचं तिकीट घ्यावं. फक्त माइन्झपर्यंतचं घेऊन पुढे बसलं की तपासनीसासमोर पंचाईत.

दोन्ही काठांवरच्या रेल्वेमार्गांवर मोठ्या दुरुस्त्यांसाठी महिनोन्महिने गाड्या बंद ठेवून बस सोडल्या जातात. निघण्याच्या आठवड्यात डीबी नॅव्हिगेटर हे जर्मन रेल्वेचं अॅप पाहा. वेळापत्रकात "एसईव्ही" दिसलं की बदली बस, आणि वेळ जवळजवळ दुप्पट धरा.

दोन्ही काठांना रेल्वे आहे म्हणजे आवाजही दोन्हीकडून. उजव्या काठावर रात्रभर मालगाड्या धावतात. खोरं अरुंद आहे, आवाज दोन्ही उतारांवर आपटून वर येतो. त्यामुळे उंचीवर असूनही किल्ल्यात गाड्या ऐकू येतात. नदीच्या बाजूची खोली मागाल तर देखावा अप्रतिम, पण कानात घालायचे बोळे न्या. झोप सावध असेल तर अंगणाकडची किंवा डोंगराकडची खोली मागा. उन्हाळ्यात खिडकी उघडी टाकावी लागते, तेव्हा फरक जास्त जाणवतो.

---

अनघा_श्टुटगार्ट

खिडकीवरून: जर्मन खिडकीची मूठ खाली असेल तर बंद, आडवी असेल तर दारासारखी उघडते, वर असेल तर वरच्या बाजूने आत कलते. खिडकी उघडी असतानाच मूठ वर फिरवली तर ती एका खालच्या कोपऱ्यावर लोंबकळते आणि निखळून पडणार असं वाटतं. पडत नाही. तावदान चौकटीला दोन्ही हातांनी सपाट दाबून धरा, विशेषतः वरचा बिजागरीकडचा कोपरा, आणि दाबलेल्या स्थितीतच मूठ आडवी करा. यंत्रणा पुन्हा जागेवर बसते.

हिवाळ्यात हीटर चालू ठेवून खिडकी रात्रभर कलती ठेवू नका, भिंत गार पडते आणि खोली तापतच नाही. पाच मिनिटं सताड उघडून बंद करायची. हीटरच्या गोल खुंटीवर ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त नंतर प्रमाणाबाहेर तापते.

---

सह्याद्री_पुणे

दोन रात्री राहिलो तर दिवसा काय करावं? लोरेलाय आणि नदीतला तो पांढरा किल्ला एका दिवसात होईल?

---

ऱ्हाईनकाठ

होईल, पण क्रम नीट लावा.

काठावर पांढऱ्या पाट्यांवर काळे आकडे दिसतात, ते ऱ्हाईनचे किलोमीटर, बोडन सरोवराच्या तोंडाशी कॉन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले. बाखाराख ५४३ च्या आसपास, काउब गावाजवळचा फाल्झग्राफेनश्टाइन, म्हणजे तुम्ही म्हणता तो पांढरा किल्ला, ५४६ ला, लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा ५५४ ला. म्हणजे सगळं प्रवाहाच्या दिशेने. म्हणून सकाळी बाखाराखहून केडी या कंपनीच्या बोटीने लोरेलायच्या पुढच्या सांक्ट गोआर गावापर्यंत जा आणि परत आरबी२६ ने या. उलट केलं तर बोट प्रवाहाविरुद्ध जाते आणि जवळपास दीडपट वेळ लागतो. डाव्या काठावरचे किल्ले रेल्वेच्या बरोबर वर असल्याने गाडीतून नीट दिसत नाहीत, त्यासाठी बोटच हवी. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, आणि मोसमाच्या दोन्ही टोकांना फेऱ्या कमी. डॉइचलांडटिकेट बोटीवर चालत नाही.

फाल्झग्राफेनश्टाइन हा १३२७ च्या सुमारास राजा लुडविगने जकातीसाठी बेटावर बांधलेला. तो काउबच्या बाजूला, म्हणजे उजव्या काठाजवळ आहे आणि माइन्झ ते कोब्लेन्झ या दरम्यान नदीवर पूलच नाही. डाव्या काठावरून काउबला फेरीबोट आहे, पण तिचा धक्का बाखाराख आणि पुढचं गाव ओबरवेझेल यांच्या मधे आहे, तिथे रेल्वे स्थानक नाही. बाखाराखहून नदीकाठच्या सायकलवाटेने चालत किंवा सायकलने जावं लागतं, तीनेक किलोमीटर. पलीकडे काउबहून छोटी बोट बेटावर नेते. हिवाळ्यात आणि पुरात ती बंद.

---

केदार_रेल्वे

पाण्याच्या पातळीचंही पाहून निघा. काउबची पातळी रोज जाहीर होते आणि या पट्ट्यातली बोटवाहतूक तिच्यावरच ठरते, कारण नदी इथे सर्वात उथळ आहे. पातळीचा आकडा म्हणजे खोली नव्हे: पट्टीवर ७८ सेंटिमीटर असताना बोटींच्या मार्गात सुमारे १.९० मीटर पाणी असतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आकडा २५ सेंटिमीटरवर आला होता, तेव्हा मालवाहू बोटी अगदी थोडा माल घेऊन जात होत्या. दुसऱ्या टोकाला ६.४० मीटरच्या वर सगळी वाहतूक थांबवतात. बर्फ वितळण्याच्या आणि मोठ्या पावसाच्या दिवसांत आधी पाहिलं नाही तर धक्क्यावर जाऊन परत यावं लागतं.

---

डोंगरवाट

चालणाऱ्यांसाठी: ऱ्हाईनबुर्गेनवेग ही डाव्या काठाची पायवाट बाखाराखमधूनच जाते. एक दिवस ओबरवेझेलपर्यंत चाला आणि गाडीने परत या. नदीने अंतर सात-आठ किलोमीटर, वाटेने चढउतारामुळे बरंच जास्त, अर्धा दिवस धरा. तेवढं नको असेल तर गावाच्या तटाच्या वाटेने पोस्टेनटुर्म या बुरुजापर्यंत जा. तिथून श्टालेक, वेर्नरकापेले, चर्चचं शिखर आणि नदी एका नजरेत दिसतात. फोटोंत दिसतो तो देखावा तिथला आहे, किल्ल्यावरून किल्ला दिसत नाही. उतारांवरच्या दगडी बांधांमध्ये रीसलिंग द्राक्षांचे मळे आहेत, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी चालू असताना मळ्यात शिरू नका.

---

पार्थ_आखन

श्टालेक भरलं असेल तर नदीकाठचं दुसरं किल्ल्यातलं हॉस्टेल कोणतं?

---

ऱ्हाईनकाठ

जवळचं म्हणजे कोब्लेन्झचा एरेनब्राइटश्टाइन. तो डोंगरावरचा प्रशियन लष्करी किल्ला, मोझेल आणि ऱ्हाईनचा संगम थेट खाली दिसतो. २०११ च्या बागकाम प्रदर्शनासाठी बांधलेला रज्जुमार्ग नदीवरून वर नेतो, पण तो संध्याकाळी बंद होतो. रात्री उशिरा पोचणार असाल तर वर कसं यायचं हे हॉस्टेलला विचारून ठेवा. लान नदीवर डीत्सचा काउंटांचा वाडा आहे, लिंबुर्गच्या शेजारी, तो गावातच असल्याने सामानवाल्यांना सोपा. न्यूर्नबर्गचं काइझरश्टालुंग शहरात आहे, १४९५ च्या सुमाराचं धान्यकोठार. पूर्वेकडे मुल्डे नदीवरचं कोल्डित्स, दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या तुरुंगामुळे प्रसिद्ध. डॅन्यूबच्या कड्यावरचं विल्डेनश्टाइन मात्र खऱ्या अर्थाने जुन्या बांधणीचं आहे. तिथे गाडीशिवाय पोचणं जिकिरीचं.

---

मीनल_के

रविवारी पोचणाऱ्यांनी खाण्यापिण्याचं सामान माइन्झ किंवा फ्रँकफर्टच्या मुख्य स्थानकातच घ्यावं, तिथली दुकानं रविवारी उघडी असतात, गावातली नाहीत. पाण्याच्या बाटल्या चढवत बसू नका, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे; "काइन ट्रिंकवासर" (पिण्याचं पाणी नाही) लिहिलेला नळ तेवढा टाळा. घेतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर प्रत्येकी २५ सेंट अनामत असते, त्या चेपू नका, यंत्र त्यावरची खूण वाचूनच पैसे परत देतं.

आणि पोचण्याची वेळ. जेवण संध्याकाळी ठरलेल्या वेळातच मिळतं, साधारण सहाच्या सुमारास, आणि स्वागतकक्षही रात्रभर उघडा नसतो. गाडी तासाला एकच. ती चुकली, वर चढायला पाऊण तास लागला, की जेवण गेलं. माइन्झहून साडेतीनच्या आसपासची गाडी पकडा. उशीर होणारच असेल तर गाडीतूनच फोन करा, ताट झाकून ठेवतात आणि दाराची चावी किंवा कोड कसा मिळेल तेही सांगतात.